मानमोडीच्या साली घर कुणी सांभाळलं?

जुन्नर शहराच्या दक्षिणेला मानमोडी नावाचा डोंगर आहे. तिथे बौद्ध लेण्यांचे तीन गट आहेत आणि तिथल्या एका शिलालेखात डोंगराचं नाव ‘मानमुकुड’ असं येतं. म्हणजे नाव चांगलंच जुनं. पण मानमोडी हा शब्द आपल्याकडे आणखी एका गोष्टीसाठी वापरला गेला, तो म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. डोंगराचा आणि आजाराचा काही संबंध नाही. धडधाकट माणसाला दोन दिवसांत आडवं करणाऱ्या तापाला लोकांनी आपल्या भाषेत नाव दिलं, इतकंच.

मी या साथीकडे वळलो ते जातीच्या दाखल्यामुळे. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या घरातही ‘कोतवाल बुक’ हा शब्द रोज ऐकू यायला लागला. कोतवाल बुक म्हणजे गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४. जुनी पानं मोडीत. बाकीचे जातीचा रकाना शोधत होते, मला मृत्यूच्या कारणाचा रकाना खुणावत होता. त्या काळी मलेरिया असो, न्यूमोनिया असो की इन्फ्लुएंझा, गावपातळीवर बहुतेक सगळं ‘ताप’ या एकाच शब्दात जमा व्हायचं. म्हणूनच १९१८ च्या मृत्यूंचे आकडे आजही अंदाजानेच सांगावे लागतात.

साथ आली मुंबईच्या बंदरातून. १९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस एक जहाज मुंबईला लागलं आणि १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. ती पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, ती जीवघेणी. नवरात्राच्या सुमारास, ६ ऑक्टोबरला, एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ माणसं गेली. मुंबई प्रांतात त्या चार महिन्यांत दहा लाखांवर माणसं दगावली. अख्ख्या देशाचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातात. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं असं एकमेव दशक आहे, ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

रेल्वे जुन्नर-आंबेगावात तेव्हा नव्हती, आजही नाही. पण माणसांची ये-जा होती. आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला जातात. डबेवाल्यांपैकी कितीतरी जण याच पट्ट्यातले. शहरात साथ भडकली की माणूस गावाकडे निघतो, कारण आजारपणात पाणी द्यायला तिथे कुणीतरी असतं. विषाणूही त्याच्याबरोबर निघतो. २०२० मध्ये वेशीवर काटेरी झाडं टाकून रस्ते अडवले गेले, मुंबईहून आलेल्यांना शाळेच्या खोल्यांत ठेवलं गेलं, त्यामागे हीच भीती होती.

१९१८ साली औषध काय होतं? काहीच नाही. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला १९३३ मध्ये, लंडनला. प्रतिजैविकं नव्हती, बरेच डॉक्टर महायुद्धाच्या कामावर गेलेले. अशा वेळी रोगी वाचायचा तो पडून राहायला मिळालं, वेळेवर पाणी-पेज मिळाली, अंगावर पांघरूण आणि खोलीत हवा असली तर. म्हणजे नुसत्या शुश्रूषेवर.

ही शुश्रूषा सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. मुंबई शहरातले हजारी मृत्यूंचे आकडे बघा: युरोपियन ८.३, पारशी ९, इतर हिंदू १८.९ आणि तेव्हा ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदवलेले हिंदू ६१.६. विषाणू तोच, शहर तेच. फरक खोलीचा, हवेचा, अन्नाचा आणि रजेचा. ज्याला एक दिवस काम बुडवणं परवडत नाही, तो तापातही उठून जातो.

आणि दुसरा आकडा, ज्याच्यापाशी मी थांबलो. जगात बऱ्याच ठिकाणी या साथीत पुरुष जास्त मेले. भारतात बायका जास्त मेल्या, त्यातही वीस ते चाळीस वयाच्या. भारत सरकारचे तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या अहवालातही हे नोंदलेलं आहे. कारण शोधायला लांब जायला नको. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं आणि सगळ्यांनंतर जेवणाऱ्या बाईच्या ताटात आधीच कमी पडत होतं. त्यात घरातले चार जण अंथरुणाला खिळलेले. त्यांचं उशापायथ्याचं तिनेच करायचं, पाणी तिनेच आणायचं, चूल तिनेच पेटवायची. मग तिलाही ताप भरायचा आणि ती आडवी झाली की तिच्याकडे बघायला उभं असं कुणी उरलेलं नसायचं.

आमच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. सगळी यंत्रणा एकाच सर्व्हरवर चालत असेल आणि त्याला पर्याय नसेल, तर तो बंद पडल्यावर बाकीचं चांगलं असूनही सगळं कोसळतं. सॉफ्टवेअरमध्ये असा आराखडा कुणी मंजूर करणार नाही. घरात मात्र आपण त्याला माया म्हणतो.

सेवा करणाऱ्याचा जीव जाणं आपल्याकडे नवं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये (तो आजार विषाणूचा नव्हे, जिवाणूचा) सावित्रीबाई फुले आजारी मुलाला उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. १९१८ मध्ये आपापल्या घरात असंच करून गेलेल्या बायकांची नावं नाहीत. दाखल्यासाठी आम्ही जी वंशावळ काढली, तिच्यात पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे आहेत. बाई एकही नाही. तो कागद कितीही वेळा वाचला, तरी मानमोडीत कोण गेली हे त्यातून कळणार नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अण्णांना कोरोना झाला, तेव्हा हा सगळा इतिहास मला ठाऊक नव्हता. पण आईला साखरेचा त्रास आहे हे ठाऊक होतं. म्हणून अण्णा मळ्यातल्या खोलीत, खिडक्या उघड्या, आणि त्यांच्यापाशी मी एकटा, मास्क लावून. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला तर थेट दवाखाना, हे आधीच ठरलेलं. आई म्हणाली, “त्यांचं पथ्यपाणी तुला काय जमणारे!” ते तसं फारसं जमलंही नाही, भात रोज चिकट व्हायचा. पण गाईंचं दूध चुलत्यांनी काढलं, किराणा चुलतभावाने दारात आणून ठेवला आणि आई त्या खोलीत आली नाही. अण्णा बरे झाले. आईला लागण झाली नाही.

आज लस आहे, चाचणी आहे, विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यातच आहे. १९१८ च्या माणसाजवळ यातलं काही नव्हतं, म्हणून या गोष्टी टाळू नयेत. पण त्या असूनही आजारी माणसाच्या उशाशी रात्री कुणीतरी बसावंच लागतं. तिथे नियम सोपा आहे. रोग्याजवळ एकच जण जाईल, तो घरातला त्यातल्या त्यात तब्येतीने चांगला असेल, आणि त्याच्या अंगावर घरचं दुसरं काम नसेल. स्वयंपाक, पाणी, जनावरं, पोरं हे बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. पुरुषांनीसुद्धा.

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, पण येईल. घरातली तयारीची यादी करायला बसाल तेव्हा मास्क आणि गोळ्यांच्या आधी एक ओळ लिहा: सगळ्यांना सांभाळणारी बाई आजारी पडली, तर तिला पाणी कोण देणार? आणि त्या ओळीपुढे एक नाव लिहा.