सी. आर. राव आणि पहिली बॅच

सध्या आमच्या मजल्यावर ॲप्लिकेशनचा सीझन आहे. कुणी जीआरईचे शब्द घोकतंय, कुणी जुन्या एचओडींच्या मागे रेकोसाठी लागलंय. कोडिंगला कंटाळलेल्या बऱ्याच जणांना स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायचंय, एकदोघांना ॲक्चुअरी व्हायचंय. एसओपी तपासायला माझ्याकडे येतात आणि जवळपास प्रत्येकाची सुरुवात तीच: लहानपणापासून मला आकड्यांची ओढ होती वगैरे.

आता या विषयातल्या भारतातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं ॲप्लिकेशन कसं झालं ते बघा.

१९४० साल. आंध्र विद्यापीठातून गणितात पहिल्या वर्गात पास झालेले, वीस वर्षांचे सी. आर. राव. संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. महायुद्ध सुरू होतं, लष्कराच्या सर्व्हे युनिटला गणिती हवे होते, म्हणून मुलाखतीला कलकत्त्याला गेले. ती नोकरीही मिळाली नाही. पण जिथे उतरले होते तिथे एक गृहस्थ भेटले. मुंबईच्या नोकरीतून त्यांना स्टॅटिस्टिक्सच्या ट्रेनिंगसाठी कलकत्त्याला पाठवलं होतं. त्यांच्याबरोबर राव इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट बघायला गेले. 'बघायला गेले' म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजच्या फिजिक्स विभागात गेले, कारण महालनोबिसांनी १९३१ साली काढलेली ही संस्था तेव्हा तिथल्याच काही खोल्यांत चालायची. रावांनी ट्रेनिंगसाठी अर्ज केला आणि १ जानेवारी १९४१ ला रुजू झाले. ओढबिढ काही नाही, चक्क नोकरीची गरज.

त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने स्टॅटिस्टिक्सचं एमए सुरू केलं. भारतात असा कोर्स पहिलाच. रँकिंग नाही, प्लेसमेंटचे आकडे नाहीत, विचारायला सीनियर्स नाहीत. राव पहिल्या बॅचला, १९४३ मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर, आणि लगेच तिथेच शिकवायला.

माझ्या मते खरी मजा इथून पुढे आहे. १९४४ मध्ये राव एस्टिमेशन शिकवत होते. नमुन्यावरून एखादा अज्ञात आकडा काढायचा, तर अंदाज थोडा डळमळणारच. किमान किती डळमळेल? नमुना प्रचंड मोठा असेल तर काय होतं, याचं फिशरचं उत्तर रावांनी फळ्यावर मांडलं. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, की लहान नमुन्यासाठी हे सिद्ध करता येईल का? (आपल्याकडे यावर ‘सिलॅबसमध्ये नाही’ हे उत्तर मिळतं, असो.) राव घरी गेले, रात्री बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता घेऊन वर्गात आले. १९४५ मध्ये ती छापून आली. स्वीडनच्या क्रामेरनेही स्वतंत्रपणे तेच काढलं, म्हणून नाव पडलं क्रामेर-राव बाउंड. म्हणजे असं, की तुमचा अंदाज पक्षपाती नसेल तर, नेहमीच्या काही अटींखाली, त्याचं व्हेरियन्स एका मर्यादेखाली जातच नाही, कितीही हुशार पद्धत वापरा. रडारवाल्यांपासून मशीन लर्निंगवाल्यांपर्यंत सगळे अजून ते वापरतात.

पीएचडी तर आणखी वेगळी. १९४६ मध्ये राव केंब्रिजला गेले ते तिथल्या संग्रहालयाच्या कामावर! सुदानमधल्या जेबेल मोया इथे उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांची मोजमापं तपासायची होती. ते करता करता फिशरच्या हाताखाली १९४८ मध्ये पीएचडी.

हे सगळं आज जमणार नाही हे मलाही कळतं. डेडलाइन आहेत, फी आहे, डोक्यावर लोन आहे, व्हिसा आहे. पण युनिव्हर्सिटी निवडताना आम्ही रँक बघतो, शहराचं हवामान बघतो, नंतरचा पगार बघतो, आणि शेजारच्या बाकावर कोण बसणार हे कुणीच विचारत नाही. रावांच्या वर्गात प्रश्न विचारणारा तो मुलगा त्यांच्याच वयाचा होता, दोघांचाही जन्म १९२०चा. इतक्या लांब, नव्याकोऱ्या कोर्सला आलेला तो साताऱ्याचा मुलगा म्हणजे वि. म. दांडेकर. हो, तेच, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. १९७१ मध्ये त्यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या गरिबीचा हिशेब मांडला, आणि दारिद्र्यरेषा कुठे आखायची यावर देशभर वाद झाला.

२०२३ मध्ये रावांना इंटरनॅशनल प्राइज इन स्टॅटिस्टिक्स मिळालं, १९४५च्या त्याच पेपरसाठी. तेव्हा ते १०२ वर्षांचे होते.