कापडाची कातडी

दोन इंच जाडीच्या फोमच्या पाट्या, फरशी खराब होऊ नये म्हणून रंगारी अंथरतात तसला सुती कॅनव्हास, फेविकॉलच्या जातीचा सुतारी ग्लू आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना लावायचा रंग. एवढ्या सामानात अमेरिकेतले हौशी लोक आपल्या गॅरेजात, गाडीमागे जोडून न्यायचा कॅम्पर उभा करतात. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागच्या बाजूला झाकण उघडून स्वयंपाकाचा ओटा. सांगाडा असा जवळजवळ नाहीच. पाट्या एकमेकींना चिकटवायच्या, आतून-बाहेरून कापड डकवायचं आणि वर रंगाचे हात द्यायचे. अशा कॅम्परला ते 'फोमी' म्हणतात आणि कापड डकवण्याच्या या रीतीला 'गरिबाचं फायबरग्लास'.

लेकीकडे विस्कॉन्सिनला गेलो होतो तेव्हा तिच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजात हे काम जवळून पाहिलं, हातही लावला. ही अगदी नवी युक्ती आहे असं ते गृहस्थ मोठ्या कौतुकाने सांगत होते. मी नोकरीभर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या वर्कशॉपमध्ये पंखांना कापड चढवलं आहे. मला ती नवी वाटेना. या कामाला दीडेकशे वर्षांची वंशावळ आहे. तिच्यात इंजिनिअरांची आणि कारखानदारांची नावं नोंदली गेली, कापड बसवणाऱ्यांची फारशी नाहीत. ती वंशावळ कुणीतरी कापडवाल्यानेच सांगावी असं मला वाटतं.

सुरुवात होड्यांपासून करतो. अमेरिकेच्या ईशान्येला मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीकाठचे मूळ रहिवासी बर्चच्या सालीच्या होड्या बांधत. एका होडीला पुरेल एवढी अखंड साल देणारी मोठी झाडं दुर्मीळ होऊ लागली, तेव्हा 1870 नंतरच्या काळात बँगर आणि ओल्ड टाउन गावांच्या परिसरात सालीच्या जागी कॅनव्हास आला. सीडरच्या पातळ फळ्यांचं अंग, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि कापडाची वीण बुजवायला जवसाचं तेल, सफेता आणि बारीक वाळूची पूड यांचं लुकण. ते लुकण पुरतं वाळायला काही आठवडे लागत, मगच रंग. विलायतेत रेल्वेच्या लाकडी डब्यांच्या छपरांवरही असाच सफेत्यात बसवलेला कॅनव्हास असे. या होड्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की कापड फाटलं, कुजलं, तर ते सोलून नवं चढवता येई. खालचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिके. आजही मेनमध्ये जुन्या होड्यांना नवा कॅनव्हास चढवून देणारे कारागीर आहेत.

विमानात हेच कापड आलं, पण तिथे ते नुसतं पाणी अडवायला नव्हतं. पंखाच्या फासळ्यांवर सैल कापड टाकलं तर उडताना ते फुगेल आणि पंखाचा आकारच जाईल. ते ताणलेलं राहण्यासाठी डोप लावायचा. डोप म्हणजे सेल्युलोजचं पातळ लाखेसारखं द्रावण. वाळताना ते आटतं आणि कापडाला स्वतःबरोबर ओढून घेतं. आमच्याकडे काम असं चाले: कापडाची कड पंखाच्या पुढच्या प्लायवूडवर डोपने चिकटवायची, मग सगळं कापड हलक्या हाताने मागे ओढत न्यायचं, पण कुठेही जोर करायचा नाही. आडवे-उभे धागे फासळ्यांना सरळ आहेत ना ते वाकून बघायचं. मेणाच्या दोऱ्याने फासळीशी टाके घालायचे. मग तांबड्या डोपचे पहिले हात. तांबडा अशासाठी की कुठे कमी लागला, कुठे जास्त, ते डोळ्याला लगेच कळतं. त्यावर ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी डोप, कारण सुती कापडाचा खरा वैरी पाऊस नाही, ऊन आहे. काम नीट झालं असेल तर बोटाने टिचकी मारल्यावर पंख हलगीसारखा वाजतो. एकसारखा आवाज येईपर्यंत आमचे वर्कशॉपमधले वडीलधारे पुढे जाऊ देत नसत. पावसाळ्यात मात्र हाल. हवेत दमटपणा जास्त असला की डोपवर पांढुरकी झाक चढते आणि तो हात वाया जातो. जुलैत पुण्याचं आभाळ आठवडाभर उघडलं नाही की ब्रश भिजवून ठेवायचे आणि शिवणकाम उरकायचं.

पहिल्या महायुद्धात विलायतेच्या विमान कारखान्यांत हे शिवणकाम आणि डोपिंग मुख्यतः बायका करत. तेव्हाच्या काही डोपमध्ये टेट्राक्लोरोएथेन नावाचा द्रावक असे. त्याच्या वाफेने यकृत बिघडून कावीळ होई. 1914 ते 1916 या काळात ब्रिटनमध्ये आणि जर्मनीतही कामगार त्याने आजारी पडले, काही दगावले, आणि मग तो द्रावक बंद करावा लागला. कापडी विमानांच्या पुस्तकांत वैमानिकांची पदकं पानोपानी सापडतात. या बायकांची मोजदाद एका परिच्छेदात संपते.

विमानातली ही कारागिरी रस्त्यावर आणली ती विमानवाल्यांनीच. ग्लेन कर्टिस हा अमेरिकेतल्या पहिल्या विमानकर्त्यांपैकी एक. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, 1928 च्या सुमारास, त्याने 'एअरोकार' नावाचा मोटारीमागे ओढायचा डबा काढला. हलक्या लाकडाची चौकट आणि तिला कर्णरेषेत तारा ताणून दिलेली बळकटी, म्हणजे विमानाचा सांगाडाच. युरोपात चार्ल्स वेमन या वैमानिकाने मोटारींची लाकडी अंगं रेक्झिनसारख्या कापडाने मढवायची पद्धत आणली. 1920 च्या दशकात ती चांगलीच चालली आणि पुढच्या दशकात मागे पडली.

पण मला जवळचा वाटतो तो हॉली बोलस, कारण तो ग्लायडरवाला. लिंडबर्गने ज्या विमानातून 1927 साली अटलांटिक ओलांडला, ते सान दिएगोला बांधताना त्याची देखरेख बोलसने केली होती. 1930 साली त्याने लिंडबर्ग पती-पत्नींना ग्लायडिंग शिकवलं. आणि 1934 साली त्याने 'रोड चीफ' नावाचा कॅम्पर बांधला, विमानाच्या धडासारखा निमुळता, चकचकीत ॲल्युमिनियमचा, आणि दार चक्क पुढच्या टोकाला. 1936 चा एअरस्ट्रीम क्लिपर त्याच्याच वळणावर बेतलेला. अमेरिकेच्या हमरस्त्यांवर आजही दिसणारे ते रुपेरी कॅम्पर म्हणजे एका ग्लायडर बांधणाऱ्याच्या हाताची खूण आहे.

ॲल्युमिनियम आलं आणि कापड गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातून उरलेला पत्रा आणि प्लायवूड स्वस्तात मिळू लागलं. 1947 साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने थेंबाच्या आकाराच्या छोट्या कॅम्परचे आराखडे छापले. ते बघून कित्येकांनी घरी कॅम्पर बांधले. आजच्या फोमीचा आकार थेट तिथून आलेला आहे. आकार आला, पण वजन प्लायवूडचं होतं.

वजनाचं कोडं सुटण्याची वाट त्याआधीच दुसरीकडे तयार होऊ लागली होती. डी हॅविलँडचं मॉस्किटो विमान 25 नोव्हेंबर 1940 रोजी पहिल्यांदा उडालं. लाकडी विमान, आणि युद्धकाळातल्या सगळ्यात वेगवान विमानांपैकी एक. त्याच्या धडाची भिंत म्हणजे मध्ये इक्वेडोरचं बाल्सा लाकूड आणि दोन्ही अंगांना बर्चचं पातळ प्लायवूड. त्यावर मदापोलम नावाचं तलम सुती कापड आणि डोप. या जातीचं कापड मुळात आंध्रात नरसापूरजवळ विणलं जाई. धड दोन उभ्या अर्ध्यांत बनवून नंतर जोडत. फर्निचरच्या कारखान्यांतल्या सुतारांनी ही विमानं जोडली. एकूण 7,781.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण फोमी त्यावरच उभी आहे. भिंत वाकू लागली की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. म्हणजे ताकदीचं काम दोन कातड्या करतात. मधल्या भरावाने त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरायचं आणि सरकू द्यायचं नाही, एवढंच. त्यामुळे मधला माल हलका आणि कमकुवत चालतो. न चालणारी गोष्ट एकच: कातडी भरावापासून सुटणं. सगळा भार चिकटवणीवर.

याचा कडू अनुभव आपल्याच देशात आला. 1944 च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवर मॉस्किटो विमानं मोडून पडू लागली. चौकशीला विलायतेहून माणसं आली. ग्लू पावसाळी हवेत खराब झाला, की लाकूड आकसलं, की मुळात जोडच नीट चिकटवले नव्हते, यावर वाद झाला. सुरुवातीच्या विमानांत दुधातल्या केसीनचा ग्लू होता. त्या जागी फॉर्मल्डिहाइडच्या जातीचे, दमट हवेत टिकणारे ग्लू आले. ग्लू दमट हवेत टिकला पाहिजे, हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

फोमचा जन्मही त्याच काळातला. स्वीडनच्या कार्ल मुंटर्सने पॉलिस्टायरीन फुगवायची रीत शोधली. पुढे अमेरिकेत डाऊ कंपनीच्या रे मॅकिंटायरने तशीच रीत स्वतंत्रपणे काढली आणि डाऊने मुंटर्सचे हक्क घेतले. 1942 साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जीवरक्षक तराफ्यासाठी तो फोम घेतला. त्यातली प्रत्येक पोकळी बंद असते, म्हणून तो पाणी पीत नाही. (हाच मुंटर्स आणि त्याचा सोबती फॉन प्लॅटन यांनी ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा फ्रिज शोधला होता. कॅम्परमधले गॅसवर चालणारे फ्रिज त्याच घराण्यातले. म्हणजे आजच्या कॅम्परची भिंत आणि तिच्या आतला फ्रिज, दोन्हींवर एका माणसाचं ऋण आहे.)

मॉस्किटोची युक्ती आणि डाऊचा फोम यांची गाठ घातली विमानकर्ता बर्ट रुटानने, कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात. 1975 साली उडालेल्या 'व्हेरीईझी' या विमानाचे पंख त्याने तापलेल्या तारेने फोम कापून घडवले आणि त्यावर काचेचं कापड इपॉक्सीने बसवलं. साचा लागत नाही, मोठा कारखाना लागत नाही. त्याने आराखडे विकले आणि लोकांनी गॅरेजात विमानं बांधली.

मग कॅम्परवाल्यांनी हेच का केलं नाही? कारण होडीवाले वापरतात ते स्वस्त पॉलिएस्टर रेझिन या फोमला विरघळवतं. आमचा डोपही विरघळवतो. त्यातले द्रावक फोमवर पडले की क्षणात खड्डा. इपॉक्सी चालतं, पण अख्ख्या कॅम्परला पुरेल एवढं घ्यायचं तर स्वस्ताईचा मुद्दाच संपला. म्हणजे हवा होता पाण्यात कालवता येणारा आणि वाळल्यावर पाण्याला दाद न देणारा ग्लू. तो सुतारांकडे होता. आपल्याकडे सुतार सरस उकळत बसायचा, आणि 1959 साली मुंबईत फेविकॉल निघालं तेव्हा त्याचं ते उकळणं सुटलं. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसच्या फ्रँकलिन कंपनीचा 'टाइटबाँड' आहे. त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा, पाण्यात टिकणारा प्रकार फोमीवाल्यांनी आपलासा केला.

विस्कॉन्सिनच्या त्या गॅरेजात मला माझंच वर्कशॉप दिसत होतं. फोमची गुळगुळीत साय तारेच्या ब्रशने खरवडून काढलेली, कारण गुळगुळीत पाठीवर ग्लू धरत नाही. सगळे कोपरे घासून गोल केलेले, कारण टोकदार कडेवर कापड उचकटतं. दाराच्या आणि खिडकीच्या कडांना फोम कोरून लाकडी पट्ट्या बसवलेल्या, कारण फोममध्ये स्क्रू थांबत नाही. ते गृहस्थ कॅनव्हास धुवायला घेणार होते. मी म्हटलं, "धुऊ नका. त्याचं आकसणं आपल्याला फोमवर हवंय." त्यांनी थोडा विचार केला आणि गठ्ठा खाली ठेवला. थोडं पाणी घातलेला ग्लू रोलरने फोमवर, त्यावर कापड, मग मधून कडांकडे पट्टीने निपटत जायचं आणि वरून पुन्हा ग्लू, वीण पूर्ण भिजेपर्यंत. सकाळी ते कापड ताणून बसलं होतं. रंगाचा पहिला हात पाणी घालून पातळ, म्हणजे तो धाग्यांत शिरतो.

चार फूट बाय आठ फुटांची दोन इंची फोमची पाटी चार-पाच किलोची भरते. तेवढ्याच मापाचं पाऊण इंची प्लायवूड तीस किलोच्या घरात जातं. म्हणून लहान मोटारही फोमी ओढू शकते. ज्यांना मोठी गाडी परवडत नाही त्यांना प्रवास परवडतो. या कामाबद्दलचा माझा जिव्हाळा त्यासाठी आहे. मात्र हा फोम पेट घेतो, म्हणून शेगडी त्याच्या भिंतीलगत नको. साधारण 75 अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो, म्हणून बाहेरचा रंग पांढरा किंवा फिका हवा, विदर्भाच्या उन्हात तर नक्कीच.

आपल्याकडे कुणी करायचं मनात आणलं तर थर्माकोल घेऊ नये. तो दाणे दाबून केलेला असतो, दाण्यांच्या मधून पाणी शिरतं आणि कातडीबरोबर दाणे सुटून येतात. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी विकतात तो सलग एक्सपीएस फोम घ्यावा. कापड जाड मांजरपाट, कोरं. साधं पांढरं फेविकॉल भिजलं की मऊ पडतं, म्हणून 'मरीन' प्रकारचं. आणि कापडाचे जोड असे घालावेत की पुढचा पट्टा मागच्यावर चढेल, म्हणजे धावताना वारा जोडाच्या पोटात शिरणार नाही. प्रत्येक जोडावर चार बोटं रुंदीची आणखी एक पट्टी, तिच्या दोन्ही कडा करवतीच्या दात्यांसारख्या कापून. सरळ कापलेल्या कडेचा एक धागा निघाला की ती लांबवर उसवत जाते. करवती कडेचा निघालेला धागा पुढच्या दात्याशी थांबतो.