कार्बोरेटरखालचं पॅकिंग

ॲम्बॅसॅडर आणि एमजीए ही दोन नावं सहसा कुणी एका दमात घेत नाही. पहिली कोलकात्याजवळच्या उत्तरपाऱ्याची, मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांची. दुसरी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची, 1955 सालची, दोनच माणसांची नखरेल स्पोर्ट्स कार. पण दोघींची बॉनेट उघडा. आत एकाच घराण्याचं इंजिन दिसेल: बीएमसी कंपनीचं बी-सिरीज, 1489 सीसी. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर आणि थोडी जास्त ताकद, एवढाच मोठा फरक. इंजिनाबरोबर दोघींच्या वाट्याला दुखणंही एकच आलं. आज स्पोर्ट्स कारचे शौकीन हवेची नळी बदलतात, ती गुंडाळतात, तिच्यासाठी वेगळा डबा करतात. या सगळ्या खटाटोपाची कुळकथा माझ्या मते या दुखण्यापासून सुरू होते.

दुखण्याचं नाव हीट सोक. गाडी चालू असते तोवर समोरून वारा येतो, रेडिएटरमधून पाणी फिरतं, उष्णता वाहून जाते. इंजिन बंद केलं की वारा आणि पाणी दोन्ही थांबतात, पण धातूत साठलेली उष्णता जागच्या जागी थांबत नाही. ती मॅनिफोल्डमध्ये चढते, कार्बोरेटरमध्ये शिरते, हवेच्या नळीत मुरते. म्हणून गाडी उभी केल्यावर पुढची काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरण्याऐवजी वाढतं. बी-सिरीजमध्ये तर हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशी दोन्ही तोंडं हेडच्या एकाच बाजूला आहेत. त्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावरच कार्बोरेटर बसतो. पेट्रोलचा हलका भाग चाळीसेक अंशांनाच उकळायला लागतो. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून उडालं की गरम गाडी सुरू होत नाही. स्टार्टर मारत बसावं लागतं.

उष्णता तिथे मुळात आणली कुणी, तर गाड्या बनवणाऱ्यांनीच, आणि मुद्दाम. जुनं पेट्रोल थंडीत नीट उडत नसे. म्हणून फोर्डच्या मॉडेल टीमध्ये एक्झॉस्टजवळची गरम हवा पत्र्याच्या नळीतून कार्बोरेटरकडे आणलेली असे. विमानांत तर याहून मोठी निकड होती. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उडताना तापमान इतकं घसरतं की दमट हवेत बाहेर वीस अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. म्हणून वैमानिकाच्या हाताशी गरम हवेचा खटका आला. पुढे पेट्रोल सुधारलं, इंजिनं जोरकस झाली आणि वर्षानुवर्षं जी उष्णता हवीहवीशी होती तीच डोईजड झाली.

इथे माझा मुख्य दुवा येतो. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये एक तपकिरी, कडक, पाव-अर्ध्या इंचाची चकती असते. गॅरेजमध्ये तिला बेकलाइटचं पॅकिंग म्हणतात. आपल्या फियाटच्या पेट्रोल पंपाखालीही तसाच जाड ठोकळा असायचा. उष्णता धातूतून सरळ वर चढू नये, एवढंच त्याचं काम. आज सुबारू डब्ल्यूआरएक्ससाठी किंवा निस्सान 350झेडसाठी 'फिनॉलिक स्पेसर' नावाचं जे महागडं सामान विकलं जातं, ते याच जातीचं. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ म्हणजेच बेकलाइट.

ही राळ लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने 1907 साली न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समध्ये घडवली. ती स्पोर्ट्स कारसाठी तर नव्हतीच, मोटारीसाठीही नव्हती. त्याला शेलॅकला पर्याय हवा होता. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात ती. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला पळसावर लाख धरतात. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा हिस्सा हिंदुस्थानातून जाई. विजेचा व्याप वाढला तशी तारा आणि गुंडाळ्या झाकायला लाख पुरेना. म्हणून बेकलंडची धडपड. त्यातून निघालेली राळ वीज अडवते, उष्णताही अडवते आणि एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. लाखेला हा शेवटचा गुण नाही, आणि इंजिनाजवळ नेमका तोच लागतो.

विजेच्या कामाची ही राळ कार्बोरेटरखाली कशी पोचली? माझं उत्तर ठाम आहे: ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावाटे. ते झाकण बेकलाइटचं, आणि कार्बोरेटरपासून ते हातभरच दूर. ज्या कारागिराने तापल्या इंजिनावर वर्षानुवर्षं न वितळणारं ते झाकण रोज हाताळलं, त्यालाच त्याच मालाची चकती कापून मॅनिफोल्डवर ठेवायचं सुचणार. कागदाचं किंवा ॲस्बेस्टॉसचं पॅकिंग गळती थांबवायला आधीपासून होतंच. त्याची जाडी वाढवून माल बदलायचा, एवढीच उडी उरली होती.

या वंशावळीला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. अमेरिकी मंडळी म्हणतात, गार हवेची कल्पना ड्रॅग रेसिंगमधून आली. त्यांचा पुरावा म्हणजे 1964 ची फोर्ड थंडरबोल्ट. तिचे आतले दोन हेडलाइट काढून तिथे जाळ्या बसवल्या होत्या आणि त्यांतून जाड नळ्यांनी हवा थेट कार्बोरेटरवरच्या डब्यात नेली होती. त्यानंतर 1969 च्या पाँटिॲक जीटीओत चालकाने आतून उघडायची-मिटायची बॉनेटवरची झापडं आली, तर 1970 च्या शेव्हेल एसएसमध्ये पूर्ण रेस दिली की काचेपाशी उघडणारं झाकण. पुरावा खरा आहे, हिशेबही खरा. 30 अंशांची हवा 60 वर गेली तर सुमारे नऊ टक्के विरळ होते; तेवढा प्राणवायू कमी, तेवढी ताकद कमी.

तरीही मला हा दावा मान्य नाही, कारण थंडरबोल्टची नळी धावत्या गाडीचा प्रश्न सोडवते. वारा असेल तरच ती कामाची. गाडी सिग्नलला उभी असताना तिच्यातून गार हवा रेटली जात नाही, आणि हीट सोक हा नेमका उभ्या गाडीचा रोग आहे. शिवाय एमजीए थंडरबोल्टच्या नऊ वर्षं आधीची. तिच्यात कारखान्यातूनच पुढच्या जाळीमागून एक लवचिक नळी कार्बोरेटरांच्या बाजूला आणलेली होती. ती एअर फिल्टरला जोडलेली नव्हती. तिचा गार झोत कार्बोरेटरांवर पडायचा, आणि एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याचा आडोसा. म्हणजे या घराण्यातली गार हवेची नळी पेट्रोल थंड ठेवायला आली. इंजिनाला जास्त हवा पाजणं हे तिच्या धाकट्या भावंडांचं काम.

आपल्याकडे या रोगावरचा इलाज ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत. मे महिन्यातला कसारा घाट, रस्त्याकडेला बॉनेट वर करून उभी ॲम्बॅसॅडर, आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं पिळून बसवणारा ड्रायव्हर. फडकं दोन-तीनदा भिजवायचं, पंपाचा हातखटका मारून पेट्रोल वर आलं का बघायचं, मग स्टार्टर. माठ जसा गार राहतो तसाच हा पंप गार होतो: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढ्यात बर्फगार पाच लिटर पाणी उकळेल आणि वर थोडी उरेल. सुबारूने इम्प्रेझा एसटीआयमध्ये टर्बोच्या गरम हवेला थंड करणाऱ्या इंटरकूलरवर बटण दाबून पाण्याचा फवारा मारायची सोय दिली. त्या गाडीचा इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावर, म्हणजे कार्बोरेटर बसायचा तशाच अडचणीच्या जागी. कसाऱ्याचं फडकं आणि हा फवारा मी एकाच फांदीवर ठेवतो.

हे कूळ ध्यानात घेतलं की आजच्या कामाचा क्रमही बदलतो. बरेच जण आधी मूळ डबा काढून उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावतात. आवाज छान येतो, पण बॉनेटखालची तापलेली हवाच तो ओढतो. आधी स्पेसर, मग एक्झॉस्टला आडोसा, मग बंद डबा, आणि शेवटी पुढच्या बंपरमागून नळी. स्पेसरचा फायदाही कुठे मिळतो ते नीट जाणून घ्यावं. पूर्ण रेसवर हवा मॅनिफोल्डमधून इतक्या झपाट्याने जाते की तिला तापायला सवडच मिळत नाही. तिथे स्पेसरने फार फरक पडत नाही. रांगत्या ट्रॅफिकमध्ये आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना मात्र पडतो. आता तर उकळायला कार्बोरेटरच नाही. त्याच्या जागी हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आहे. तो स्वतः तापला की आत गार हवा येत असली तरी गरमच सांगतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा देऊन ताकद कापतो. म्हणून सेन्सरची जागा धातूच्या मॅनिफोल्डवरून हलवून प्लॅस्टिकच्या नळीवर, फिल्टरच्या जवळ न्यावी.