दहा ते चार

मागच्या महिन्यात आजोळी, म्हणजे वज्रेश्वरीला, जाणं झालं. मामाने माळा साफ करायला काढला होता. एका पत्र्याच्या पेटीत आजोबांचा अॅग्फा क्लिक थ्री निघाला, कव्हरसकट, आणि त्याच्याखाली काळ्या पानांचा अल्बम. (मामे-मावसभावंडांनो, अल्बम माझ्याकडे आहे. शोधू नका, भांडू नका. स्कॅन करून देतो.)

अल्बम चाळताना एक गोष्ट लक्षात आली. देवळाच्या ५२ पायऱ्या आहेत, नगारखाना आहे, अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलेल्या मावश्या आहेत, तानसेच्या काठावर डोळे बारीक केलेला मामा आहे. सगळीकडे लख्ख ऊन. रात्र नाही, पहाट नाही, स्वयंपाकघर नाही. आमच्या घराण्याचा सतरा-अठरा वर्षांचा इतिहास सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्याच वेळात घडला म्हणायचा!

कारण साधं आहे. क्लिक थ्री हा स्वस्तातला कॅमेरा. अॅग्फाच्या परवान्याने तो भारतातच तयार व्हायचा, म्हणून मध्यमवर्गाला परवडला. भिंग लहानसं, फिरवायला ऊन नि ढग अशा खुणा, बस्स. १२० च्या रोलमध्ये फोटो बारा. बारांतला एक अंधारात वाया घालवण्याची आजोबांची छाती नव्हती. आता गंमत बघा, वज्रेश्वरीची मोठी जत्रा चैत्र अमावास्येला. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि मग हे देऊळ उभं राहिलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नगारखान्याचं माप वसई किल्ल्याच्या दरवाजाएवढं आहे असंही सांगतात. तर त्या देवीची जत्रा, दिवे लागणार अमावास्येच्या रात्री, आणि आमच्या अल्बममध्ये जत्रेचा एकही फोटो नाही.

२००७ च्या सुरुवातीला मी डिजिटल एसएलआर घ्यायचं ठरवलं ते याच जत्रेसाठी. अल्बमचं गणित तेव्हा सुचलं नव्हतं. आजी थकली होती, आणि तिचा दिव्यांजवळचा एक फोटो मला हवा होता, एवढंच. बजेट ३० हजार. त्यात कार्ड, बॅग सगळं बसवायचं. बायकोने वहीत आकडा लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तो काळ मेगापिक्सेलचा होता. बोरा बाजारात ज्या दुकानात शिराल तिथे पहिला प्रश्न, "किती मेगापिक्सेल पाहिजे?" १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १०० बाय १०० म्हणजे जेमतेम दहा हजार ठिपके होते, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तिथून २००३ पर्यंत कॅननने ३००डी हा हजार डॉलरच्या आतला एसएलआर आणला, तेव्हा कुठे ही वस्तू आपल्यासारख्यांच्या टप्प्यात आली. पण ४ बाय ६ इंची चांगल्या प्रिंटला २२ लाख ठिपके पुरतात. सहा मेगापिक्सेलच्या वर पैसे टाकून मी काय करणार होतो?

दादासाहेब फाळक्यांचं चरित्र तेव्हा नुकतंच वाचून झालं होतं. गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवलेला हा माणूस १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेला आणि ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेऊन आला. आपण गोष्ट इथेच थांबवतो. पण कॅमेऱ्याने भागत नव्हतं. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र वेगळं, धुण्या-छापण्याचं सामान वेगळं. भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई रात्री घरात करायच्या. आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी काय टिपलं, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ, थोडी थोडी करून. नट नकोत, कपडे नकोत. हातात किती पैसे आहेत आणि ते कुठे कुठे लागणार, हे या माणसाला पक्कं कळलं होतं. (बाबूराव पेंटर तर आणखी पुढचे. कोल्हापुरात दामल्यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ च्या सुमाराला कॅमेराच घरी तयार केला! ते आपलं काम नव्हे.)

तर मी वाटाण्याच्या हिशेबाने विचार करायला लागलो. मला काय टिपायचंय? अंधारातली आजी. मग पैसा भिंगावर. कॅमेऱ्याबरोबर येणारं १८-५५ चं भिंग ५५ ला जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडतं. ५० मिलिमीटरचं साधं, झूम नसलेलं भिंग एफ १.८ पर्यंत उघडतं. म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे पहिल्याला सेकंदाचा सहावा भाग लागेल, तिथे दुसऱ्याला साठावा. सहाव्या भागात आजी हलणार, माझा हातही हलणार. आणि हे ५० चं भिंग निकॉनच्या भिंगांत सगळ्यात स्वस्तातलं.

मेख पुढे होती. निकॉनचा नवा कोरा डी४० सगळे सुचवत होते, पण त्याच्यात फोकस फिरवणारी मोटरच नव्हती, ती भिंगात असावी लागायची. या स्वस्त ५० मध्ये ती नाही. आधीच्या, २००५ च्या डी५० मध्ये मात्र मोटर कॅमेऱ्यातच होती. मेगापिक्सेल दोघांचे सारखेच, सहा. नवा सोडून जुना मॉडेल, तोही वापरलेला घ्यायचा म्हटल्यावर घरात बरीच चर्चा झाली. ऑफिसातल्या एकाने डी५० विकायला काढला होता. भिंगातून टॉर्च मारून बुरशी आहे का ते पाहिलं (आपल्या ठाणे जिल्ह्याच्या पावसात ही पहिली तपासणी) आणि घेऊन टाकला. ५० चं भिंग नवं घेतलं. बायकोच्या दोन रेघांच्या वर साडेतीन हजार उरले.

एप्रिलमधली ती अमावास्या. दिवे लागले, आजी समोर, आणि कॅमेरा म्हणतो "एफईई". शटर दबेना. मामा, मामी, दोन चुलत मामा सगळे माझ्याकडे बघतायत. त्या भिंगाची कडी २२ वर फिरवून अडकवावी लागते, हे मी माहितीपत्रकात वाचून विसरलो होतो. कळेपर्यंत आजी दोनदा "झालं का रे?" म्हणाली. मग तीसेक फोटो काढले. बहुतेक बिघडले. एफ १.८ ला फोकस इतका अरुंद असतो की दिव्याकडे नेलेला हात स्पष्ट आला आणि चेहरा किंचित धूसर. एकच बरा म्हणावा असा आला, आणि त्यातही हातच जास्त बरा.

तो छापून नेला. आजीने चष्मा लावून हात नीट पाहिला, चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "तुझ्या आजोबांनी कॅमेरा घेतला तो कुणाच्या पैशाने, माहितीये? माझ्या म्हशीच्या." चार वाजता उठून ती धारा काढायची आणि कुंडांवर येणाऱ्या यात्रेकरूंच्या बिऱ्हाडांना दूध पोचवायची. दोन वर्षांच्या त्या पैशातून क्लिक थ्री आला होता. अल्बममध्ये आजोबांच्या गळ्यातला कॅमेरा तीन फोटोंत आहे. म्हैस एकाही फोटोत नाही, आणि दूध घेऊन निघालेली आजीही नाही. ती वेळ दहा ते चारमध्ये बसत नव्हती.

आजी २००९ मध्ये गेली. आता भाच्याचा फोन अंधारात चार-सहा फोटो एकावर एक रचून मला तेव्हा जमलं त्याहून चांगला फोटो देतो, आणि त्याला एफ १.८ म्हणजे काय हे विचारायची गरजही पडत नाही. असो.

त्या प्रिंटच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे चारला उठलो, भिंगाची कडी २२ वर आहे ना हे दोनदा पाहिलं, आणि आजीला घेऊन मागच्या गोठ्यात गेलो. चाळीसचा एक बल्ब होता. दावणीच्या जागी ती उभी राहिली, पदर नीट केला. म्हैस केव्हाच विकली होती. फोटोत तिच्या शेजारी मामाची मोटरसायकल आहे.