सभासद यादीची पंचवीस वर्षं

बिद्रीत ‘सभासद’ या शब्दाला वजन आहे. दूधगंगा-वेदगंगा कारखान्यामुळे यादीत कुणाचं नाव आहे नि कुणाचं नाही, हे इथं घराघरांत बघितलं जातं. म्हणून रौप्यमहोत्सवी अंकात आपल्या सोसायटीच्या यादीचा इतिहास लिहायचं मी कबूल केलं. बरीच वर्षं दप्तर सांभाळलंय, तेवढंच मला खात्रीनं येतं.

सुरुवात ‘आय’ नमुन्याच्या रजिस्टरनं झाली. नाव, पत्ता, वय, धंदा, दाखल झाल्याची तारीख, वारसदार, सभासदत्व संपल्याची तारीख आणि कारण, सगळं हातानं. पुढं एक जुना संगणक मिळाला, फॉक्सप्रोमध्ये यादी भरली. पावत्या पटापट निघायला लागल्या आणि रजिस्टर कपाटात गेलं.

तो संगणक कुरकुरायला लागला तेव्हा यादी नव्या मशीनवर एक्सेलमध्ये घ्यायचं ठरलं. एका संध्याकाळचं काम, असं सभेत मीच सांगितलं होतं!

नवी यादी छापून बघतो तर 2001 साली आलेले सभासद 1901 साली दाखल झालेले. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे भरायचे, पुढचे 19 तो स्वतःच धरायचा. पडद्यावर ‘01’ एवढंच दिसायचं, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदाच 1904 चा. म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यात, कायद्याच्याही तीन वर्षं आधी, आपली माणसं सभासद! हे हसण्यावारी गेलं, दुरुस्तही झालं.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. फॉक्सप्रोत नाव ‘डिलीट’ केलं तरी ते जात नाही, त्यावर नुसती खूण होते. ‘पॅक’ ही आज्ञा दिली तरच ती ओळ खरोखर जाते, आणि ती आम्ही कधी दिलीच नव्हती. ज्या प्रोग्रामनं यादी उचलली त्याला ही खूण कळत नव्हती. घर विकून गेलेले, वारलेले, सगळे परत यादीत आले, आणि त्याच यादीवरनं मी वार्षिक सभेच्या नोटिसा काढल्या. एका वहिनींच्या दारात त्यांच्या मिस्टरांच्या नावाची नोटीस गेली, ते जाऊन चार वर्षं झाल्यावर. वहिनी कागद घेऊन घरी आल्या. रागावल्या नाहीत. “भावजी, ह्यांचंच नाव अजून हाय, मग सोसायटीत माझं नाव लागलंच न्हाई का?” एवढंच विचारलं.

उत्तर संगणकात सापडेना. वारसदाराचा रकाना आम्ही त्यात ठेवलाच नव्हता. कपाटातलं रजिस्टर काढलं. मिस्टरांनी हयातीत नोंदवलेलं वारसाचं नाव, मृत्यूची तारीख, वहिनींच्या नावे भाग वर्ग केल्याची नोंद, सगळं तिथं होतं. वहिनींनी त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

मग आम्ही दोघं तीन रविवार बसलो. एकजण रजिस्टर वाचणार, दुसरा पडद्यावर बघणार. नावं इंग्रजीत भरलेली, आणि त्या स्पेलिंगात ‘ळ’ नाही. मराठी करताना माळींचे माली, कोळींचे कोली झालेले. वारसदारांचा रकाना त्याच वेळी घातला. आता दर मार्चअखेर यादी छापून सह्या घेतो, आणि रजिस्टर हाताशी ठेवतो.

दोन नावांपुढं अजून पेन्सिलीची खूण आहे, वारसदार नोंदवायचा राहिलाय. दोघांनाही निरोप दिलाय. समारंभाला येतीलच, तेव्हा ऑफिसात येऊन सही करून जावं.