शहाऐंशीव्या मजल्याची गच्ची

उंच जागी उभे राहून आपले नगर न्याहाळण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. परंतु ती भागविण्याची सोय दीर्घकाळ राजेरजवाड्यांपुरती आणि पहारेकऱ्यांपुरतीच होती. बुरुजावरून दूरवर पाहणारा गडकरी सृष्टीसौंदर्यासाठी पाहत नसे. शत्रूच्या घोड्यांची धूळ उठली आहे काय, एवढेच त्याला पाहायचे असे. पुढे असे उंच मनोरे विजयाची खूण म्हणूनही उभे राहिले. कोलकात्याच्या मैदानावरील १५७ फुटी स्तंभ हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८२८ साली उभारलेला हा स्तंभ डेव्हिड ऑक्टरलोनी या इंग्रज सेनानीचे स्मारक होता, आणि त्याच्या ज्या पराक्रमांसाठी हे स्मारक झाले त्यांत १८०४ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेपासून दिल्ली राखल्याचा समावेश होतो. माथ्याशी सज्जे असलेल्या त्या स्तंभाला १९६९ साली ‘शहीद मीनार’ हे नाव मिळाले. कोलकातावासी मराठी माणसाने तेथून जाताना निदान एकदा मान वर करून हा तपशील आठवावा, असे मला नेहमी वाटते.

तिकीट काढून कोणीही यावे, वर जावे आणि ज्या शहरात आपण घाम गाळतो ते शहर घटकाभर पायांखाली पाहावे, ही कल्पना मात्र यंत्रयुगातली. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याने १८८९ मध्ये तिचा पाया घातला. तिला खरी लोकमान्यता दिली ती न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीने, आणि तीही मालकांच्या इच्छेपेक्षा परिस्थितीच्या रेट्याने. प्रस्तुत लेखात तीच कथा सांगावयाची आहे.

फिफ्थ अॅव्हेन्यू आणि चौतिसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर पूर्वी वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हे ख्यातनाम हॉटेल होते. ते पाडण्यास १ ऑक्टोबर १९२९ रोजी प्रारंभ झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शेअरबाजार कोसळला! मुहूर्त याहून वाईट मिळणे कठीण. या उपक्रमाचे प्रमुख सूत्रधार जॉन रास्कॉब हे जनरल मोटर्सच्या वर्तुळातले धनिक, आणि त्याचा लोकांपुढचा चेहरा म्हणजे न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर आल स्मिथ. स्मिथ हे १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून पराभूत झाले होते. पुढे १ मे १९३१ रोजी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबून या इमारतीचे दिवे लावण्याचा मान त्याच हूव्हरसाहेबांकडे गेला. राजकारणात असे योग यायचेच.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये उंचीची चुरस शिगेला पोहोचली होती. क्रायस्लर इमारतीच्या मालकांनी पोलादी सुळका इमारतीच्या पोटात गुपचूप जोडून ऐन वेळी बाहेर काढला आणि १,०४६ फूट गाठले. एम्पायर स्टेटची आखलेली उंची १,०५० फुटांच्या आसपास होती. म्हणजे आघाडी अवघी चार फुटांची. प्रतिस्पर्ध्याने आणखी काही क्लृप्ती काढली तर? म्हणून माथ्यावर २०० फुटांचा एक मनोरा चढविण्याचे ठरले, आणि उंची १,२५० फुटांवर गेली. नुसत्या ईर्ष्येपोटी दोनशे फूट वाढविले असे सांगणे शोभण्यासारखे नव्हते, म्हणून कारण पुढे करण्यात आले ते असे की, युरोपातून येणाऱ्या झेपेलिन जातीच्या वायुनौका या मनोऱ्याला नाक बांधून उभ्या राहतील आणि उतारू लहानशा पुलावरून चालत १०२ व्या मजल्यावर उतरतील! सव्वा हजार फुटांवर, वाऱ्यात हेलकावणाऱ्या वायुनौकेतून, हातात पेटी घेऊन उतरणाऱ्या सभ्य गृहस्थांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे म्हणजे या युक्तिवादाची किंमत कळते. १९३१ च्या सप्टेंबरात एक लहान वायुनौका जोराच्या वाऱ्यात तेथे कशीबशी तीन मिनिटे बांधली गेली. पुढे तो नाद सुटला. कारण साधे होते. इमारतीच्या भिंतींवर आदळलेला वारा वाट न मिळाल्याने उभा वर उसळतो आणि माथ्यापाशी सतत खळबळ माजवितो. गच्चीवर हिवाळ्यात कधी कधी बर्फ खालून वर पडताना दिसतो, तोही याच वाऱ्याचा प्रताप.

बांधकामाचा वेग मात्र आजही थक्क करणारा आहे. १७ मार्च १९३० रोजी काम सुरू झाले आणि सुमारे साडेतेरा महिन्यांत १०२ मजली इमारत उभी राहिली. सांगाडा सरासरी आठवड्याला साडेचार मजले या गतीने चढत होता, आणि कामाच्या भरात तीन हजारांहून अधिक कामगार एका वेळी राबत होते. पोलादाच्या तुळया जोडणाऱ्या चौघांच्या टोळीचे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. एक जण भट्टीत रिव्हेट लालबुंद तापवून चिमट्याने दूर फेकी. दुसरा ती पत्र्याच्या डब्यात हवेतल्या हवेत झेलून भोकात बसवी. तिसरा एका बाजूने टेकू देई आणि चौथा हवेच्या दाबावरील हातोड्याने दुसऱ्या बाजूचे तोंड ठोकून बंद करी. हे सारे शेकडो फूट उंचीवर, पायांखाली एक तुळई असताना. या कामगारांत मोहॉक जमातीचे मूळ अमेरिकन होते, तसेच युरोपातून पोटामागे आलेलेही होते. लुईस हाइन या छायाचित्रकाराने त्यांची चित्रे घेतली म्हणून त्यांचे चेहरे तरी आपणांस ठाऊक आहेत. अधिकृत नोंदीप्रमाणे या कामात पाच जण दगावले. स्वतः उभ्या केलेल्या गच्चीवर पुढे तिकीट काढून यांतले किती जण गेले असतील, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

इमारत खुली झाली तेव्हा मंदीने देश पोखरला होता. कचेऱ्यांसाठी भाडेकरू मिळेनात. जेमतेम चौथाई जागा गेली, आणि विनोदी न्यूयॉर्ककरांनी तिला ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामे राज्य, असे नाव दिले. अशा वेळी मालकांना तारले ते गच्चीने. एक डॉलर देऊन लोक वर जाऊ लागले, आणि पहिल्या वर्षी गच्चीचे उत्पन्न जवळपास कचेऱ्यांच्या भाड्याइतके झाले. ज्या काळात त्या देशात चौघांतला एक मनुष्य बेकार होण्याच्या वाटेवर होता, त्या काळात लोकांनी शहर नुसते पाहण्यासाठी पैसे मोजले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. इमारत नीट फायद्यात यायला त्यानंतरही सुमारे वीस वर्षे लागली.

या गच्चीवर आलेल्या असंख्य मान्यवरांपैकी एकच नाव घेतो. हेलन केलर. डोळे नाहीत, कान नाहीत, अशी ही विदुषी वर गेली, आणि तुम्हाला तेथून काय दिसले असे एका परिचिताने पत्राने विचारले, तेव्हा १९३२ च्या जानेवारीत तिने त्याला सविस्तर उत्तर धाडले. वाऱ्याचा स्पर्श आणि सोबतच्यांनी केलेले वर्णन एवढ्या सामग्रीवर तिने शहर मनात उभे केले होते. डोळसांनी लिहिलेली प्रवासवर्णने त्यापुढे कोरडी वाटतात.

उंचीबरोबर संकटेही आली. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात वाट चुकलेले बी-२५ जातीचे लष्करी विमान ७९ व्या मजल्याच्या सुमारास इमारतीवर आदळले आणि चौदा माणसे मृत्युमुखी पडली. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्ट चालविणारी तरुणी तुटलेल्या लिफ्टसह ७५ मजले खाली कोसळली आणि तरीही वाचली! तो शनिवार होता. सोमवारी इमारतीचे बहुतेक मजले कामाला खुले झाले. पुढे १९४७ मध्ये तीन आठवड्यांत पाच जणांनी गच्चीवरून उडी घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा ८६ व्या मजल्याभोवती आत वळलेल्या टोकांचे उंच कुंपण घातले गेले. गच्ची मात्र चालूच राहिली.

येथे आपल्याकडील दोन उदाहरणे समोर ठेवल्यावाचून राहवत नाही. ४ डिसेंबर १९८१ रोजी दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या जिन्यात दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण प्राणास मुकले. त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. तेव्हापासून तो जिना लोकांना बंद आहे. १८७८ साली पुरा झालेला मुंबईचा २८० फुटी राजाबाई टॉवरही वरून उड्या घेऊन जीव देण्याच्या घटनांमुळे जनतेला बंद झाला. शासकीय सेवेत हयात गेलेल्या माणसाला हे पक्के ठाऊक असते की, बंदीचा हुकूम हा सर्वांत सोपा हुकूम असतो. त्याला निधी लागत नाही आणि त्यावर कोणी ताशेरेही ओढत नाही. कुतुबमिनाराबाबत मी तो चुकीचा म्हणणार नाही. आठशे वर्षांपूर्वीचा अरुंद, चक्राकार जिना, वर जाणारे व खाली येणारे एकाच वाटेत. तेथे मुलांच्या जिवाशी खेळ नको. राजाबाई टॉवरची गोष्ट निराळी. न्यूयॉर्ककरांनी दुखण्यावर कुंपणाचा उपाय केला, आपण दरवाजाच लावून घेतला, आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्या आपले शहर तेथून पाहण्यास मुकल्या, हे लिहिताना हळहळ वाटते.

एम्पायर स्टेटचा जगातील सर्वाधिक उंचीचा मान १९७० मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरकडे गेला. तेथील दक्षिण मनोऱ्याच्या १०७ व्या मजल्यावरून १९७५ च्या अखेरीपासून प्रवासी शहर पाहू लागले. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते मनोरेच नाहीसे झाले. आज दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटरांवर आहे. आकड्यांच्या या शर्यतीत मला फारसा रस उरलेला नाही. चारही बाजूंनी उघडी, वारा अंगावर घेणारी शहाऐंशीव्या मजल्याची गच्ची अजून चालू आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आता तिकडे आहेत, तेव्हा जाण्याचा योग येईलच. निरभ्र दिवस निवडावा. अशा दिवशी ऐंशी मैलांपर्यंत, पाच राज्यांतील प्रदेश दिसतो. गुडघे भक्कम असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, १९७८ पासून तेथे १,५७६ पायऱ्या धावत चढण्याची शर्यत भरते. इतरांना लिफ्ट आहेच. वर गेल्यावर बहुतेक जण प्रथम दक्षिणेच्या बाजूला धाव घेतात, कारण स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तिकडे आहे. पश्चिमेची बाजू त्यामानाने मोकळी मिळते. तेथून हडसन नदी आणि तिच्यापलीकडे पसरलेली न्यू जर्सीची सपाट वस्ती दिसते.