ब्रेकची हवा आणि नगर रस्ता

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी वाघोलीच्याच रस्त्याने गेली. लाकडी बॉडीची ती बेडफर्ड, तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची आठवण दर जूनमध्ये निघते. गाडीच्या ब्रेकबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. त्या पिढीच्या बेडफर्ड गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत. तेलाचे ब्रेक आले की त्यात हवा शिरणं आलं, आणि हवा शिरली की ती काढणारी माणसंही लागली. आज वाघोलीतल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी एटीव्हीच्या, म्हणजे कसल्याही जमिनीवर चालणाऱ्या चारचाकीच्या, चाकाशी पाना घेऊन बसलेला दिसला, तर हा मोबाइलवर बघून लागलेला नवा नाद आहे असं आपण म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. ब्रेकची हवा काढणं हे काम मुळातच घरी होण्यासारखं आहे. त्याची विद्या सुरुवातीपासून यंत्रात नव्हतीच, ती दोन माणसांच्या हाकेत आणि पायात होती. गॅरेजने ती काही काळ सांभाळली, एवढंच.

तत्त्व पास्कलचं, सतराव्या शतकातलं: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. ते चाकापर्यंत आणण्याचं श्रेय अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडचं. 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक होते. सुरुवातीच्या काळात नळ्यांत वाहायचं ते एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. कारण साधं होतं. सील नैसर्गिक रबराचे असत आणि खनिज तेलाने ते फुगून निकामी होत. एरंडेलाने होत नसत. ज्या एरंडेलाने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांची पोटं साफ केली, त्यानेच मोटारी थांबवल्या, ही गंमत आपल्या मोटार-इतिहासात कोणी फारशी नोंदवलेली नाही. पुढे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले. ते रबराला सांभाळतात, पण हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणून डॉट-4 चं मानक दोन आकडे सांगतं: कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावा शोषलेल्याचा किमान 155. घाटात ब्रेक तापले आणि जुना द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ हवेसारखीच दबते, आणि पॅडल सरळ खाली जातं. हवा काढताना जुना द्रवही बदलतात तो यासाठी.

कामाची पद्धत मात्र जवळपास तीच राहिली. मिस्त्री चाकापाशी, हवा सोडायच्या निप्पलवर रिंग पाना लावून. पोऱ्या सीटवर, पॅडलवर पाय ठेवून. ‘मार... मार... धर.’ निप्पल अर्धा फेरा सुटतं, नळीतून फसफसत बुडबुडे येतात, पॅडल खाली बसतं. निप्पल आवळल्यावरच ‘सोड’. क्रम चुकला आणि पाय आधी उचलला, तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत. या जोडीत जाणता कोण? पाना ज्याच्या हातात तो, असं सगळे धरून चालतात. पण काम झालं हे आधी पायाला कळतं. पॅडल मऊ लागत होतं ते टणक झालं, हे चाकापाशी बसलेल्याला दिसत नाही. त्याला वरच्याला विचारावं लागतं. उस्तादाच्या हाताखाली आलेल्या पोराला पहिल्यांदा पॅडलवर बसवायचं ते बिनडोक काम म्हणून. प्रत्यक्षात तिथेच त्याला ब्रेकची परीक्षा कळायला लागायची. म्हणूनच ही विद्या गॅरेजबाहेर सहज पडली. घरातल्या कोणालाही दहा मिनिटांत पॅडलवर बसवता येतं.

एटीव्हीत गोष्ट थोडी बदलते. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर हँडलवर, सगळ्यात उंच. कॅलिपर खाली चाकात. बुडबुड्यांना वर जायचं असतं आणि आपण त्यांना खाली ढकलत असतो. यावर उपाय म्हणजे मेडिकलमधून आणलेली सिरिंज आणि सलाईनची पारदर्शक नळी लावून खालून वर द्रव चढवणं. त्या वेळी वरची टाकी भरून वाहू नये म्हणून आधी थोडी रिकामी करायची. दुसरं, लिव्हर सुतळीने हँडलला बांधून रात्रभर तसाच ठेवणं. आणखी एक फसगत होते: डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल होऊन निप्पल खालच्या बाजूला येतं. मग वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा कितीही पंप मारा, निघत नाही.

आक्षेप ठरलेला आहे: ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, घरी कशाला? आक्षेप खोटा नाही. पण या कामात घात होतो तो बहुधा कौशल्य कमी पडून नव्हे. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं जातं, निप्पल नीट आवळायचं राहतं, वरची टाकी कोरडी पडून हवा पुन्हा आत ओढली जाते. या चुका गॅरेजमध्येही होतात, आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर दाबून धरला तर, चुकीचं तेल सोडून, बहुतेक तिथेच पकडल्या जातात. भारतात 2007 पासून होणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेने ही परीक्षा नियमातच घातली. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑल-टेरेन गाडीला दोन स्वतंत्र ब्रेक सर्किट लागतात आणि धावत असताना चारही चाकं जाम करून दाखवावी लागतात. पुण्यातली अभियांत्रिकीची मुलं या गाड्या स्वतः बांधतात. त्यांच्या ब्रेकची हवाही तेच काढतात, आणि परीक्षक कागद न बघता चाक बघतो. दुसरा आक्षेप व्हॅक्युम पंपाचा: तो असताना दुसरा माणूस कशाला? पण पंप निप्पलच्या आट्यांतूनही बाहेरची हवा ओढतो. मग नळीत बुडबुडे येतच राहतात आणि ते आतले की बाहेरचे हे कळत नाही. निकाल शेवटी लिव्हरच देतो.

वाघोलीच्या दगडखाणींवरून खडी घेऊन निघणाऱ्या मोठ्या डंपरांचा हिशेब वेगळा. तिथे ब्रेक चालवते ती हवाच. थोडी गळती झाली तरी कॉम्प्रेसर ती भरून काढतो, आणि टाकीतलं पाणी नियमित सोडावं लागतं. एकाच रस्त्यावर एका गाडीला हवा चालवते आणि दुसरीला दगा देते, त्यामुळे डंपरच्या मिस्त्रीचा सल्ला एटीव्हीला जसाच्या तसा लागू होत नाही.

माझ्या म्हणण्याला खरी मर्यादा येते ती एबीएसपाशी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेपाशी. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं. एबीएसच्या मॉड्युलेटरमधल्या झडपांमागे अडकलेली हवा अनेकदा स्कॅनर जोडून झडपा उघडल्याशिवाय निघत नाही. तिथे पॅडलवर कितीही समजूतदार पाय ठेवला तरी तो अपुरा पडतो, आणि गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. बहुतेक एटीव्हींना एबीएस नाही आणि त्या रस्त्यावर चालवायच्या गाड्याही नाहीत. त्यामुळे 1948 च्या बेडफर्डला लागू पडणारी पद्धत आज पार्किंगमधल्या या चारचाकीला जशी लागू पडते, तशी शेजारी उभ्या असलेल्या नव्या मोटरसायकलला पडत नाही.